पाटीवरचे दिबा आणि सभागृहातले दिबा

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं, म्हणून जून 2021मध्ये भूमिपुत्रांनी आधी मानवी साखळी केली, मग सिडको भवनावर धडक दिली. पुढच्या वर्षी विधिमंडळानं तसा ठरावही केला. पण नावासाठी घसा कोरडा करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कितींनी दिबांची सभागृहातली कारकीर्द वाचली असेल?

जासईचा हा वकील शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) लाल बावटा घेऊन 1957 साली पनवेलमधून विधानसभेत गेला. पाच वेळा आमदार, कुलाब्यातून दोनदा खासदार, शिवाय विरोधी पक्षनेतेपद.

1970मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि 95 गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर शहर आखलं गेलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दिबांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी 1984मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हिशेब करून पाहा: एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होते, हाती उरतात साडेतीन! तरीही ही योजना नसती, तर मोबदल्याच्या चार पैशांवरच बोळवण झाली असती.

दिबांचं मोठेपण रस्त्यावरची ताकद कायद्याच्या कागदावर उतरवण्यात होतं. आजच्या आमदारांना ते जमलेलं नाही. गावठाणांत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली घरं अजून निवडणुकीपुरतीच आठवतात. नावाच्या पाटीचं श्रेय कुणीही घ्यावं. आधी त्या घरांचा प्रश्न कायमचा मिटवून दाखवावा.