हिरव्या छपाईत कामगाराचा श्वासही मोजा

पर्यावरणपूरक छपाई म्हटलं की चर्चा कागद आणि झाडांवरच अडते. खांदेश्वर परिसरातल्या एखाद्या लहान प्रेसमध्ये शिरा, दुसरा प्रश्न नाकालाच कळेल. ऑफसेट यंत्राचं रबरी ब्लँकेट शाई बदलताना थिनरनं पुसलं जातं. वाफ जाते छातीत.

जपानमधल्या ओसाका इथं २०१२ मध्ये एकाच छापखान्यातल्या अनेक तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं उघड झालं. एरवी हा उतारवयाचा आजार. खोलीत हवा खेळती नव्हती आणि पुसायच्या द्रावणात १,२-डायक्लोरोप्रोपेन होतं. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे रसायन माणसात कर्करोग करणारं ठरवलं.

आपल्याकडे डब्यावर बहुतेकदा नुसतं ‘थिनर’ असतं. कावीळ घेऊन आलेल्या मशीनमनला डॉक्टरही दारूबद्दल विचारतात, कामाबद्दल क्वचितच. निदान घटक लिहिलेला डबा घ्यावा, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा, चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. वनस्पती तेलाची द्रावणंही मिळतात. ती सावकाश वाळतात, म्हणून नाकं मुरडली जातात. छपाईचं काम देणाऱ्या पालिका, शाळा, बँकांनी निविदेत कागदाच्या जाडीशेजारी ही अटही घालावी.