शेती विषमुक्त, विषमतामुक्त कधी?

भातकापणीच्या हंगामात शहरातली शिकलेली मुले सेंद्रिय शेतावर शिकाऊ म्हणून राहतात. कापणी, पेंढ्या बांधणे, झोडणी करतात. बदल्यात जेवण आणि निवारा. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ने ही पद्धत जगभर नेली. शिकायला आमचा विरोध नाही. पण त्यांना विळा धरायला शिकवते कोण? बहुतेकदा शेजारी कापणी करणारी भूमिहीन बाई. मुलांना ‘अनुभव’ मिळतो, ती मात्र ‘मजूर’च राहते.

राबायचे आणि बदल्यात धान्य घ्यायचे, हे आम्हाला नवे नाही. आमच्या आज्या-पणज्या वर्षभर गावकी करून बलुत्यासाठी खळ्यावर ताटकळल्या. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले आणि पुढे दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला.

‘आयफोम’ या जागतिक सेंद्रिय संघटनेची २००५ सालची तत्त्वे चार आहेत: आरोग्य, पर्यावरण, न्याय आणि काळजी. तांदळाच्या पिशवीवर आरोग्य मोठ्या अक्षरात छापले जाते. न्याय कुठे आहे?

आमची मागणी साधी आहे. कापणाऱ्या प्रत्येकाला किमान वेतन द्या, बाई-पुरुषाला समान मजुरी द्या, आणि शिकवणाऱ्या बाईला प्रशिक्षक म्हणून मानधन द्या. ग्राहकांनो, भाव विचारता तशी मजुरीही विचारा.

जय भीम!