बरं वाटलं, तरी इस्पितळ गाठा

तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ अडखळते आणि दहा-पंधरा मिनिटांत सारं पूर्ववत होतं. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. कुणी ॲसिडिटी म्हणतं, कुणी अशक्तपणा. हा दिलासाच घातक आहे. या क्षणिक झटक्याचं आणि रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या पक्षाघाताचं मूळ एकच. मानेतल्या रोहिणीत साचलेल्या चरबीच्या थरावरून सुटलेली किंवा ठोके अनियमित झाल्याने हृदयात तयार झालेली गुठळी मेंदूची वाट अडवते. ती लगेच विरघळली, हे नशीब. ती जिथून आली ते ठिकाण मात्र तसंच असतं. सन २००० मधल्या अमेरिकी अभ्यासात अशा रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांत पक्षाघात झाला, त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. उलट, ऑक्सफर्डच्या २००७ च्या अभ्यासात तातडीने उपचार सुरू झाल्यावर हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला.

मग प्रत्येक चक्करेला इस्पितळात धावायचं का? नाही. नुसती चक्कर बहुधा वेगळ्या कारणाची असते. शरीराची एक बाजू, वाचा किंवा एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली तर मात्र थांबू नये. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण स्कॅन, ईसीजी आणि मानेच्या सोनोग्राफीचा खर्च अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेपुढे किरकोळच. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर स्वस्तच आहेत. राहिला घरगुती ॲस्पिरिनचा तोडगा. मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि तो असेल तर तीच गोळी उलटते.