आडांतील कोळसा

अलीकडे वर्तमानपत्र उघडावें तों सन २१०० पर्यंत पृथ्वी किती तापेल याचें कांहीं ना कांहीं भाकित दृष्टीस पडतेंच. यांतील पुष्कळ भाकितें 'आर. सी. पी. ८.५' नामक भविष्यचित्रावरून केलेलीं असतात. ऑस्ट्रियांतील लाक्सेनबुर्ग येथील संशोधनसंस्थेंत तें तयार होऊन सन २०११ मध्यें सविस्तर प्रसिद्ध झालें व 'सध्यांचेंच वर्तन चालू राहिलें तर' असें त्याचें वर्णन रूढ झालें. परंतु शतकाच्या अखेरीस जग आजच्या सुमारें पांचपट दगडी कोळसा जाळील, असें त्यांत गृहीत धरलेलें आहे! एवढा कोळसा आणावयाचा कोठून, हें विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं, हें आपण जाणतोंच. पण आडांत आहे तें सर्व पोहऱ्यांत येतें, असेंही नाहीं. ब्रिटनचेंच पाहा. सन १८६५ मध्यें जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें कोळसा उत्तरोत्तर महाग होऊन राष्ट्राची भरभराट खुंटेल, असा इशारा दिला. सन १९१३ मध्यें तेथील खाणींतून २८ कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तो आंकडा पुन्हां कधीं गांठला गेला नाहीं. सन २०१५ च्या डिसेंबरांत शेवटची खोल खाण मिटली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं कोळशावरील शेवटचें वीजघरही थंडावलें. भूगर्भांत कोळसा होताच. तो काढणें मात्र परवडेनासें झालें. कॅनडांतील रिची व दौलताबादी या संशोधकांनीं सन २०१७ मध्यें नेमका हाच आक्षेप घेतला: या चित्रांतील कोळशाचे साठे जुन्या, फुगीर अदमासांवरून घेतलेले आहेत. अशा भारी उत्सर्जनाचा संभव कमी मानला जातो, हें आंतरराष्ट्रीय हवामानमंडळाच्या सन २०२१ च्या अहवालांतही नमूद आहे. तेव्हां या चित्रास 'सध्यांचें वर्तन' म्हणणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. कमाल मर्यादा म्हणून तें खुशाल ठेवावें.

मात्र 'इंधनच सरेल, मग चिंता कशाची?' असें म्हणणारांचीही आम्ही पाठ थोपटणार नाहीं. अमेरिकेचें खनिज तेल सन १९७० च्या सुमारास शिखर गांठून ओसरूं लागेल, असें हबर्ट यांनीं सन १९५६ मध्यें सांगितलें. तसें झालेंही, पण पुढें शेल खडकांतील तेल हातीं आलें आणि सन २०१८ मध्यें तें शिखर मागें पडलें. शिवाय, सन २०२० अखेर अमलांत असलेलीं धोरणें तशींच राहिल्यास शतकाच्या अखेरीस तपमान सुमारें ३.२ अंशांनीं वाढेल, असा त्याच मंडळाचा सन २०२२ चा हिशेब आहे. आणि त्या हिशेबांत पांचपट कोळसा कोठेंही धरलेला नाहीं.