पंक्चरवाला ही शिवी नव्हे

रविवारी पहाटे भोईवाड्यातून सायकल काढावी आणि आंबेडकर रोडने लालबाग, भायखळा मागे टाकत मरीन ड्राइव्ह गाठावा. तेवढा तासभर मुंबई सायकलवाल्यांची असते. पण हा सगळा आनंद ट्यूबमधल्या हवेवर चालतो, आणि ती हवा टिकवणाऱ्या माणसाच्या कामाची आपण शिवी करून टाकली आहे.

मुसलमानाला हिणवायचं असलं की सोशल मीडियावर 'पंक्चरवाला' एवढा एक शब्द पुरतो. 14 एप्रिल 2025 रोजी हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधान म्हणाले, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. वक्फचा हिशेब जरूर मागा, आम्हीही मागतो. पण पंक्चर काढणं ही नामुष्की कधीपासून झाली?

माझा खरा राग आपल्याच लोकांवर आहे. 'आमच्यातही डॉक्टर आहेत, कलेक्टर आहेत' असं उत्तर आपण देतो, तेव्हा हिणवणाऱ्याचंच म्हणणं मान्य करतो. शिक्षणात आणि नोकऱ्यांत आपण मागे आहोत, हे सच्चर समितीने 2006 मध्येच मांडलं. तो हक्काचा लढा लढायलाच हवा. त्यासाठी हाताने काम करणाऱ्या भावाला लपवायची गरज नाही. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) बादशहा होते, तरी स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असं हदीस सांगते. विमान उडवणारे राइट बंधू सायकली दुरुस्त करूनच पोट भरत होते.

आणि हे काम सोपंही नाही. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते हेरायचं, जागा घासायची, सोल्युशन जरा सुकू द्यायचं, मगच पॅच दाबायचा. टायरच्या आतून बोटं फिरवून काच किंवा खिळा शोधला नाही, तर दुसऱ्या वळणावर पुन्हा चाक बसतं. वाकड्या चाकाचा आउट काढणं तर आणखी अवघड. एकेक स्पोक थोडाथोडा कसत चाक सरळ करायला नजर आणि सबुरी लागते.

2014 चा फेरीवाला कायदा रस्त्यावर बसून सेवा देणाऱ्यांनाही संरक्षण देतो. मग पंक्चरवाल्याची पेटी पालिकेच्या गाडीत चढते, तेव्हा महागड्या सायकलींवर फिरणारे आपण गप्प का बसतो? घरी चेनला तेल घाला, हवा तपासा, पॅच लावायलाही शिका. तेव्हा त्या मजुरीवर घासाघीस करावीशी वाटणार नाही.

भोईवाडा म्हणजे भोयांची वस्ती. पालख्या वाहणाऱ्यांचं नाव पत्त्यात लिहिताना इथे कुणाला लाज वाटत नाही. मग पंक्चरवाल्याचीच का वाटावी?