वापर कोणाचा, निर्णय कोणाचा?

वटार, निर्मळ, नंदाखालच्या वाड्यांतून वसईच्या किल्ल्यात जाणाऱ्यांपैकी एकाला तेथील पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीजांचा जुलूम दिसतो, तर दुसऱ्याला श्रद्धेचा वारसा. दोन्ही दृष्टी खऱ्या असल्या तरी अपुऱ्या आहेत. या वास्तूंचा वापर कोणत्या काळी कोणी ठरविला, हा साधा प्रश्न विचारला म्हणजे निराळेच चित्र समोर येते.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर जेझुइट, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संघांनी किल्ल्यात चर्च आणि मठ उभारले. ही जशी धर्मकेंद्रे होती तशीच सत्ताकेंद्रेही होती. त्याच शतकात बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे प्रार्थनामंदिर करण्यात आले. पुढे मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि चर्चच्या घंटा देवळांकडे गेल्या. नाशिकचे नारोशंकर, भीमाशंकर व मेणवली येथे त्या आजही आहेत; मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल कोरलेले आहे. 1818 नंतर इंग्रजी अंमलात किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. राज्यकर्ते बदलले, पण वाडीत राबणाऱ्याला वा समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला कोणी विचारले नाही.

आज किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. 1959 च्या नियमांनुसार लेखी परवानगीविना तेथे सभा वा समारंभ घेता येत नाही. परवानगी मिळवून चित्रीकरण मात्र होते. कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या 2016 च्या गीतपटात हेच अवशेष झळकले. ज्याच्याजवळ पैसा व ओळख, त्याला परवानगी सुलभ. बाजाराच्या लेखी हे चर्च म्हणजे केवळ एक पार्श्वभूमी!

याच किल्ल्यात वेगळे उदाहरणही आहे. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले. 1862 मध्ये ते संतपदी चढले. त्यांच्या नावाने जुन्या जेझुइट चर्चची डागडुजी झाली आणि तेथे पुन्हा प्रार्थना होऊ लागली. लोकांनी आपला मानलेला वापरच वास्तूला तारतो, याचा हा पुरावा होय.

म्हणून घंटा परत मागण्याचे वा जुने हिशेब चुकते करण्याचे राजकारण आपण ठामपणे नाकारले पाहिजे. त्याचबरोबर, संरक्षित वास्तूच्या वापराचा निर्णय केवळ दिल्लीच्या कार्यालयात होऊ नये, असाही आग्रह धरला पाहिजे. किल्लाबंदरचे कोळी, वाड्यांतील शेतकरी आणि स्थानिक अभ्यासक यांना सल्लागार समितीत स्थान हवे. चित्रीकरणाच्या शुल्काचा ठरावीक वाटा येथील डागडुजीवर खर्च व्हावा. 2009 साली महानगरपालिका झाली तेव्हा वसईच्या हरित पट्ट्यातील गावांनी, आम्हांला विचारल्याविना आमचे भवितव्य का ठरविता, असा सवाल केला होता. किल्ल्यातल्या वास्तूंबद्दलही तोच सवाल विचारण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे.