मोटारीच्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमचें रक्षण

अ‍ॅल्युमिनियमला गंज नाहीं असें आपण सर्रास म्हणतों. पण तें अर्धेंच खरें आहे. हवा लागतांच या धातूवर तिच्याच भस्माचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो व तोच तिचें रक्षण करतो. चुना, धुण्याचा सोडा व मोरचूद यांनीं मात्र तो नष्ट होतो. आणि बोर्डो मिश्रण फवारलेल्या द्राक्षबागेंतून येणाऱ्या मोटारीस चुना व मोरचूद दोन्ही लागतात.

मग लेप कोणता द्यावा? चकचकीत भागांवर पारदर्शक व्हार्निश देण्याची पुष्कळांस हौस असते. आमच्या मतें ती चूक होय. खडा लागून एक टवका उडाला कीं ओल आंत शिरते, डाग लेपाखालीं पसरतो, आणि सर्व लेप खरवडल्यावांचून तो निघत नाहीं. असे भाग साध्या पाण्यानें धुऊन, कोरडे करून त्यांवर मेण चोळावें. तें लवकर झिजतें खरें, पण पुन्हां लावणें घरचें काम आहे. चिखलांत राबणाऱ्या भागांस मात्र अ‍ॅल्युमिनियमवर टिकणाऱ्या खास प्रायमरचा हात देऊन वर रंग द्यावा. अ‍ॅनोडायझिंग उत्तम, परंतु सिलिकॉन अधिक असलेल्या ओतीव भागांवर तें एकसारखें उठत नाहीं.

शेतकरीबंधूंनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें : ज्याची डागडुजी आपल्या हातीं, तोच लेप आपणांस परवडतो.